‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावली की मालक सुटतो का?

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. गुहागरजवळ घरच्या वाडीत तुम्ही छोटं वॉटर पार्क उभारताय. दोन घसरगुंड्या, लहान मुलांचा उथळ तलाव, पुढच्या टप्प्यात झिपलाईन (उंच तारेला लटकून घसरत जायचा खेळ). काकांचं म्हणणं, फाटकावर ‘येथील सर्व राइड्सचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर करावा, अपघात झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही’ अशी ठळक पाटी लावायची आणि आत येणाऱ्या प्रत्येकाकडून त्याच अर्थाच्या फॉर्मवर सही घ्यायची. पेंटर मजकूर मागतोय आणि दिवाळीला उद्घाटन करायचंय. एवढ्याने भागेल का?

भागणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पेंटरला आजच थांबवता येईल.

मी रत्नागिरी जिल्ह्यात चोवीस वर्षं वकिली करते. रिसॉर्ट, बोटी, तलाव, घसरगुंड्या यांच्या अपघातांची प्रकरणं दोन्ही बाजूंनी चालवली आहेत, कधी जखमी पर्यटकाकडून तर कधी मालकाकडून. मालक पहिल्यांदा ऑफिसात येतो तेव्हा बहुतेक वेळा मोबाइल पुढे करून पाटीचा फोटो दाखवतो. ‘मॅडम, हे बघा, आम्ही स्पष्ट लिहिलं होतं.’ त्या फोटोच्या जोरावर मी आजवर एकही प्रकरण जिंकलेलं नाही. जी जिंकले ती वेगळ्याच कागदांवर. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

तिकीट काढून आत आला तो तुमचा ग्राहक. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे तिच्यात निष्काळजीपणामुळे झालेली इजा येते आणि ग्राहकापासून महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही येतं. म्हणजे धोका सांगितलाच नाही तर ती त्रुटी, हे काकांचं बरोबर. पण धोका सांगितला आणि तो कमी करायला काहीच केलं नाही, तर निष्काळजीपणाची त्रुटी जागच्या जागी राहते. पाटीने एक भोक बुजतं, दुसरं उघडंच राहतं.

आणखी एक गोष्ट नव्या मालकांच्या लक्षात येत नाही. या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. तुमचं गिऱ्हाईक पुणे, कोल्हापूर, सांगली, मुंबईचं. अपघात झाला गुहागरात, पण तारखांना तुम्ही पुण्याला. तक्रारीसाठी त्याच्या हातात दोन वर्षं असतात. तोवर तुमच्याकडचा उन्हाळी सीझनला ठेवलेला पोरगा नोकरी सोडून मुंबईला गेलेला असतो आणि त्या दिवशी काय घडलं हे सांगायला तुमच्या बाजूने कोणी उरत नाही.

दुर्दैवाने कोणी दगावलं तर हा विषय ग्राहक आयोगापुरता राहत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूला कारण होण्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. या खटल्यात समोर सरकार असतं. मेलेल्या माणसाने फॉर्मवर सही केली होती म्हणून सरकार खटला मागे घेत नाही.

आता ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या शब्दांकडे येते. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलमधून १९९८ मध्ये पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली. गाडी हॉटेलच्या माणसाने लावायला घेतली होती. हातात दिलेल्या पार्किंगच्या चिठ्ठीवर गाडी मालकाच्या जोखमीवर, हॉटेल जबाबदार नाही, असं छापलेलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल लागला. गाडी एकदा ताब्यात घेतली की स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशी चिठ्ठी छापून झटकता येत नाही, आणि आपण पुरेशी काळजी घेतली होती हे हॉटेलनेच दाखवायचं, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच्या कितीतरी आधी, साठच्या दशकात, मद्रास उच्च न्यायालयाने लाँड्रीच्या पावतीवरची अट फेटाळली होती. कपडा हरवला तर निम्मीच किंमत देऊ, अशी ती अट होती. अशा अटीने निष्काळजीपणाला मोकळं रान मिळतं आणि ते सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे, हे कारण. गाडीला आणि साडीला हा न्याय लागतो, तर माणसाच्या मणक्याला लागणारच.

इंग्लंडमध्ये १९७७ पासून लेखी कायदाच आहे की निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी पाटी लावून किंवा करार करून टाळता येत नाही. आपल्याकडे इतक्या थेट शब्दांचं एकच कलम नाही. पण सार्वजनिक हिताविरुद्धचा करार रद्द ठरवणारं १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३, नव्या ग्राहक कायद्यातली अनुचित कराराची तरतूद आणि वर सांगितलेले निकाल यांच्या वाटेने आपण जवळपास त्याच ठिकाणी पोचतो.

मुलांच्या बाबतीत तर वादालाही जागा नाही. अठराच्या आतल्या मुलाचा करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने ठरवलं ते आजही तसंच आहे. बापाने फॉर्मवर सही केली म्हणून मुलाचा स्वतःचा भरपाईचा हक्क संपत नाही. आणि वॉटर पार्कमध्ये निम्मी गर्दी मुलांचीच असते.

म्हणजे इथपर्यंत एवढं झालं: पाटीने जबाबदारी तुमच्याकडून पाहुण्याकडे जात नाही, सहीनेही जात नाही, आणि मुलांच्या बाबतीत तर सही निव्वळ कागद आहे. मग पाटी हवीच कशाला?

हवी, आणि चांगली हवी. तुमच्या हातात होतं ते सगळं करून झाल्यावरही जो धोका शिल्लक राहतो, तो पाटीने सांगायचा. घसरगुंडीवरून माणूस वेगाने खाली येणार आणि पाण्यावर आपटणार, हा त्या खेळाचाच भाग आहे. ज्याच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, जी गरोदर आहे, ज्याला हृदयविकार आहे, त्याला किंवा तिला तो झटका बाधू शकतो. हे तुम्ही कितीही पैसे घातले तरी काढून टाकता येणार नाही, म्हणून ते सांगायचं. पण तलावाच्या तळाशी पंपाच्या तोंडावरची जाळी तुटलेली आहे आणि तिथे ओढ लागते, यावर ‘सावधान’ लिहून चालत नाही. तिथे जाळी बसवायची. त्या ओढीत लांब केस अडकले तर पट्टीचा पोहणाराही वर येत नाही. पंपाच्या वायरिंगचं तेच. आपल्या कातळावर अर्थिंग नीट लागत नाही, हे इथल्या प्रत्येक वायरमनला माहीत असतं. त्यावर उपाय खोल अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर, ‘पाण्यात वीज प्रवाह येऊ शकतो’ ही पाटी नव्हे. शेवाळ धरलेल्या जांभ्याच्या पायऱ्या रोज घासायच्या आणि कठडा लावायचा. ‘घसरण्याची शक्यता’ ही पाटी त्यानंतर.

नटबोल्टांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात आधी तेच जातात. खाऱ्या हवेत साधा गॅल्व्हनाइज्ड बोल्ट दोन पावसाळ्यांत आतून खाल्लेला असतो आणि वरून रंग मात्र शाबूत दिसतो. ‘दोष दिसतच नव्हता, आम्हाला कसा कळणार?’ असं मालक म्हणतात. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, त्या प्रकरणात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याच्या ताब्यात बांधकाम आहे त्याने ते तपासत राहायचं, दोष उघड होता की लपलेला याने त्याची सुटका होत नाही. मनोरा असा आपला आपण पडत नाही, पडला याचाच अर्थ कोणीतरी बघितलं नाही. घसरगुंडीचा सांधा निखळला तर तुम्हालाही हेच ऐकावं लागेल. पावसाळ्यानंतर एकदा आणि ऐन हंगामाच्या मध्यावर एकदा बोल्ट काढून बघा, आणि कोणी, कधी, किती बदलले ते लिहून ठेवा.

आता एक प्रकरण सांगते. जागा आणि नाव सांगत नाही. मी तेव्हा तक्रारदाराकडून होते. एक बाई तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून आल्या. खाली येताना वळणावर मुलाचा पाय त्यांच्या मांडीखाली सापडला आणि मोडला. मालकाचं म्हणणं, ‘लहान मुलांना मांडीवर घेऊ नये’ अशी पाटी होती. पाटी होतीसुद्धा. फोटोत दिसत होती, खांबाला बांधलेला नवाकोरा फ्लेक्स, चारी कोपरे ताठ. आम्ही फ्लेक्सवाल्याचं बिल मागवलं. बिलाची तारीख अपघातानंतर तीन दिवसांची होती. दुसऱ्या बाजूने बाईंच्या नणंदेच्या मोबाइलमध्ये त्याच सकाळी काढलेले फोटो होते. त्यात तोच खांब आहे, त्याला हिरवी जाळी गुंडाळलेली आहे, पाटी नाही. आणि एका फोटोत वरच्या चौथऱ्यावर उभा असलेला पार्कचा पोरगा वाकून त्या मुलाला आईच्या मांडीवर नीट बसवून देतोय, हसत हसत. त्या पोराला कोणी काही शिकवलंच नव्हतं. तो बिचारा मदत करत होता.

समजा पाटी आधीपासून असती, तरी तो फोटो मालकाला बुडवायला पुरेसा होता. उलट प्रकरण आणखी वाईट झालं असतं, कारण मग मी विचारलं असतं: मांडीवर मूल घेणं धोक्याचं आहे हे तुम्हाला माहीत होतं, तुम्ही लिहूनही ठेवलं होतं, तरी तुमचा माणूस ते करू देत होता? तुम्हाला धोका ठाऊक होता याचा सगळ्यात पक्का लेखी पुरावा म्हणजे तुमचीच पाटी. म्हणून पाटीवर जे लिहाल ते पाळून घेता येईल एवढंच लिहा. जे पाळून घ्यायचं नाही ते लिहूच नका.

याचा अर्थ घसरगुंडीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस पाटीपेक्षा महत्त्वाचा. त्याला ‘नाही’ म्हणायचा अधिकार द्या. इथे बहुतेक ठिकाणी गाडी अडते. आठ जणांचा ग्रुप येतो, त्यातले दोघे दारू प्यायलेले असतात, पोराला वास येतो. पण त्याला वाटतं, अडवलं तर भांडण होईल, पैसे परत मागतील आणि संध्याकाळी मालक आपल्यालाच बोलेल. मग तो गप्प बसतो. तुम्ही पहिल्या दिवशीच सगळ्या पोरांसमोर सांगा की तुम्ही अडवलेल्या माणसाचे पैसे मी तिकीट खिडकीवर परत देईन आणि त्याबद्दल तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. आणि खरोखर तसं वागा. उंचीची अट असेल तर रांग सुरू होते तिथे रंगवलेली उंचीपट्टी उभी करा. पट्टीखालून जाणारं मूल वरच्या राइडवर जाणार नाही, मग आई कितीही रागावो. पट्टी असली की वाद पोराशी होत नाही, पट्टीशी होतो.

पाटी कुठे लावायची, याचा विचार माणूस निर्णय कधी घेतो यावरून करा. फाटकावरची वीस कलमांची पाटी कोणी वाचत नाही. तिथे माणूस गाडी लावत असतो, पोरं ओरडत असतात. आणि साठ पायऱ्या चढून वर गेल्यावर, मागे रांग असताना, पाटी वाचून खाली उतरणाराही विरळाच. प्रत्येक राइडची पाटी तिच्या रांगेच्या सुरुवातीला हवी, जिथून परत फिरायला लाज वाटत नाही. तब्येतीच्या अटी तर तिकीट खिडकीवरच हव्यात, पैसे द्यायच्या आधी. पैसे घेऊन झाल्यावर सांगितलेली अट ग्राहकाला बांधत नाही, हा मुद्दाही वकील काढतातच.

एकदा मी एका मालकाला त्याच्याच पार्कात चप्पल काढून, डोकं भिजवून, चष्मा खिशात ठेवून रांगेत उभं केलं. म्हटलं, वाचा. त्याला दहा फुटांवरची पाटी वाचता येईना. वॉटर पार्कमध्ये आलेला चष्मेवाला माणूस चष्मा लॉकरमध्ये ठेवून येतो, हे त्याने पाटी लिहिताना लक्षातच घेतलं नव्हतं. वर पाटीचं तोंड पश्चिमेला, दुपारी तीननंतर नुसती चकाकी. तुमची पाटी लागली की तुम्हीही असंच करून बघा, दुपारी चार वाजता. अक्षरं मोठी, वाक्यं छोटी. ‘सूर मारू नका. पाणी ३ फूट.’ एवढं पुरतं. ‘सुज्ञ पर्यटकांना विनंती की त्यांनी तलावाच्या खोलीचा अंदाज घेऊनच’ अशी वाक्यं पेंटरला लिहू देऊ नका. सूर मारण्याची सूचना मी मुद्दाम पहिली घेतली. उथळ पाण्यात डोक्यावर आपटून मान मोडते आणि माणूस जन्मभर अंथरुणाला खिळतो. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या तलावात १९७२ साली एका जर्मन वैमानिकाचं असंच झालं होतं. अपघातापासून निकालापर्यंत पंचवीस वर्षं गेली. १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पन्नास लाखांची भरपाई दिली. पुढे अपिलात तो निकाल टिकला नाही, पण तोवर किती वर्षं गेली बघा. तलावाच्या काठावर आणि आतल्या भिंतीवर, दोन्हीकडे खोली रंगवा आणि खोली बदलते तिथे तळाला वेगळ्या रंगाचा पट्टा ओढा.

भाषा मराठी तर हवीच, सोबत हिंदी आणि इंग्रजी. तुमच्याकडे बेळगाव-हुबळीकडची गर्दी येते, तर कन्नडही घाला. पण त्याहून उपयोगी चित्रं. त्यांचे रंग-आकार ठरलेले आहेत, भारतीय मानक आयएस ९४५७ मध्ये बघायला मिळतील: मनाई म्हणजे लाल वर्तुळ आणि तिरकी रेघ, इशारा म्हणजे पिवळा त्रिकोण, ‘हे करा’ म्हणजे निळं वर्तुळ, बाहेर पडायचा रस्ता हिरवा. स्वतःची चित्रं काढत बसू नका. आणि फ्लेक्स नको. आपल्याकडच्या उन्हापावसात एका वर्षात त्याचा लाल रंग गुलाबी होतो आणि पाटी वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखी दिसायला लागते. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर करून घ्या.

आता परिस्थितीवर काय अवलंबून असतं ते. पर्यटकाची स्वतःची चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते. अडवूनही कठड्यावरून उडी मारली, पट्टा स्वतः सोडला, तर तुमच्या पाटीला आणि तुमच्या माणसाने अडवल्याच्या साक्षीला खरी किंमत येते. धोका कोणालाही उघड दिसणारा होता की लपलेला, यानेही फरक पडतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर हिसके देऊन माणसं पाडणारा एक सरकता पट्टा होता. पडायलाच लोक त्यावर चढायचे. एकाचा गुडघा मोडला आणि तो कोर्टात गेला. १९२९ साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी त्याला नकार दिला, कारण पडणं हाच तो खेळ होता आणि ते समोर दिसत होतं. पण त्याच निकालात त्यांनी हेही म्हटलं की धोका लपलेला असता किंवा इतका गंभीर असता की खेळ थांबवायलाच हवा होता, तर गोष्ट वेगळी. घसरगुंडीवर भिजणं, खरचटणं हा खेळ. सांधा निखळणं हा खेळ नाही.

तुमच्या वाडीचं मागचं फाटक थेट पुळणीवर उघडतं असं तुम्ही लिहिलंय. ते मला काळजीचं वाटतं. समुद्र तुमचा नाही, त्याची सगळी जबाबदारी तुमच्यावर येत नाही. इंग्लंडमध्ये चेशायरमधल्या एका सरकारी उद्यानातल्या तळ्यात, पोहायला मनाईच्या पाट्या असताना, एका तरुणाने उथळ पाण्यात सूर मारला आणि तो पांगळा झाला. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, उद्यानाला जबाबदार धरलं नाही, धोका उघड होता म्हणून. पण तुम्ही पर्यटकांना तिकीट देऊन आत घेता, मग मागच्या फाटकाने समुद्राकडे सोडता. तेव्हा त्या फाटकावर तुम्ही काय सांगितलं, हा प्रश्न येणारच. मुरूड-जंजिऱ्याला १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. घाटावरून आलेल्या पोराला भरती-ओहोटी म्हणजे काय हे माहीतच नसतं, समुद्र त्याला तलावासारखा वाटतो. ‘समुद्रात जाणे धोकादायक’ ही बारमाही पाटी म्हणून निरुपयोगी. ती बघून माणूस पुढे शंभर लोक पाण्यात खेळताना बघतो आणि पाटीवरचा विश्वास उडतो. त्यापेक्षा फाटकावर फळा लावा आणि रोज सकाळी खडूने लिहा: आज पूर्ण भरती किती वाजता, ओहोटी कधी लागणार, उधाण आहे का. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, पुनव-अवसेच्या आसपास उधाण येतं. शेजारच्या कोळीवाड्यातला कोणीही तिथीवरून तोंडी सांगेल. रोज बदलणारा फळा लोक वाचतात. सूर्यास्तानंतर ते फाटक कुलूपबंद करा आणि पावसाळ्यात उघडूच नका.

आता ते कागद, ज्यांच्यावर मालकाचं प्रकरण उभं राहतं. रोज सकाळी पार्क उघडण्याआधी तपासणीची वही, तपासणाऱ्याच्या सहीने. यात आठवड्यातून दोनदा तरी काहीतरी बिघाड सापडलेला आणि दुरुस्त केलेला दिसला पाहिजे. महिनाभर रोज ‘सर्व ठीक’ लिहिलेल्या वहीवर मी समोरच्या बाजूने असते तर कधीच विश्वास ठेवत नाही, आयोगही ठेवत नाही. घसरगुंडी बनवणाऱ्याकडून लेखी सूचनापुस्तिका मागून घ्या. वजनाची मर्यादा, पाण्याचा प्रवाह, दोन माणसांमधलं अंतर हे त्याने सांगायचं असतं आणि वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत तर ग्राहक कायद्याखाली उत्पादकही सापडतो. पोरांच्या प्रशिक्षणाच्या तारखा, हजेरी. जीवरक्षकांची नावं. आणि फॉर्म ठेवायचाच असेल तर त्यातलं ‘आम्ही जबाबदार नाही’ काढून टाका. त्या जागी विचारा: हृदयविकार, रक्तदाब, गरोदरपण, मणक्याचा त्रास, पोहता येतं का, घरच्या माणसाचा फोन नंबर. तो भरून घेतल्यावर कोणीतरी वाचला पाहिजे.

परवान्यांचं थोडक्यात, कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. पोलीस अधिनियमाखालचा करमणुकीच्या जागेचा परवाना, ग्रामपंचायत, विजेची तपासणी, अग्निसुरक्षा. वाडी भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, आधी तपासा. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी आगीत सत्तावीस जीव गेले, त्यानंतर विनापरवाना जागेवर अपघात झाला तर अधिकारी आणि न्यायालयं कोणाचंच ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नाहीत. सार्वजनिक दायित्वाचा विमा घ्या, पण १९९१ चा जो सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे तो धोकादायक रसायनांसाठीचा, तुमच्यासाठी नव्हे. एजंटकडून पॉलिसीत पाण्यातले खेळ आणि झिपलाईन स्पष्ट लिहून घ्या.

झिपलाईन तुम्ही बाहेरच्या पार्टीला टक्केवारीवर देणार, असं दिसतं. तुमचा-त्यांचा करार काहीही असो, तिकीट तुमच्या खिडकीवर फाटलं की पर्यटकासाठी सेवा देणारे तुम्ही. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे त्यांची नोंदणी आहे का, हे स्वतः बघा, झेरॉक्सवर जाऊ नका. तारकर्लीला २४ मे २०२२ रोजी स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. अशा वेळी परवाना कोणाचा, बोट कोणाची, माणसं किती घेतली, हे प्रश्न पहिल्या तासात येतात. त्यांची उत्तरं तुमच्या कपाटात असली पाहिजेत.

आणि अपघात झालाच तर: आधी माणूस. १०८ ला फोन, सोबत तुमचा एक जबाबदार माणूस हॉस्पिटलपर्यंत. राइड बंद. जागा धुऊ नका, पाटी बदलू नका, आधी सगळ्याचे फोटो काढा. नातेवाइकांकडून हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कोणताही कागद सही करून घेऊ नका. मी एकदा असा कागद वाचला आहे. सही आईची होती, अक्षर थरथरलेलं, खाली तारीख आणि वेळ रात्री सव्वाअकरा. मालकाला वाटलं होतं तो कागद त्याला वाचवेल. आयोगाने तो वाचला तेव्हा त्याच्या वकिलाला मान वर करता आली नाही.

तुमच्या पेंटरला सध्या चारच पाट्या सांगा: तिकीट खिडकीवर तब्येतीच्या अटी, दोन्ही घसरगुंड्यांच्या रांगेच्या तोंडाशी एकेक, आणि तलावाची खोली. मजकूर इथे टाका, मी वाचून सांगते. मागच्या फाटकाचा फळा मात्र पेंटरकडून रंगवून घेऊ नका, शाळेचा साधा काळा फळा आणा. आणि पंपाच्या तोंडावरच्या जाळीचा फोटो पाठवा. तिच्याबद्दल तुम्ही प्रश्नात एक शब्दही लिहिलेला नाही.